एकचाकीला चपलांचे चिलखत

पुण्यात सायकल शिकलेल्या मागच्या पिढीला एक गोष्ट नक्की आठवत असेल. तासाच्या भाड्याने सायकल देणारा दुकानदार समोरच्या पोराकडे एकदा वर-खाली पाहायचा आणि विचारायचा, "चालवता येते, का शिकायचीय?" शिकायची आहे असे उत्तर आले की दुकानाच्या मागच्या अंधारातून एक वेगळीच सायकल बाहेर यायची. रंग उडालेला, मडगार्डला पोचे, घंटीचा नुसता वाडगा उरलेला. नवी सायकल मिळाली नाही म्हणून आम्ही तेव्हा दुकानदारावर मनातल्या मनात चिडत असू. पण त्याचे गणित पक्के होते. शिकणारा पडणार, आणि पडला की काहीतरी वाकणार. मग काय वाकायचे हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

या दुकानदाराची आठवण आम्हांला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत झाली. आमचा एक माजी विद्यार्थी, आता अभियांत्रिकीला असलेला, एक अजब वाहन घेऊन शाळेच्या मैदानावर आला. बॅटरीवर चालणारी, एकाच चाकाची गाडी. वर्षभर शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने ती कोणाकडून तरी वापरलेली विकत घेतली होती. चालवता येत नव्हतीच. "सर, मी पडलो तर भरून येईल. ही पडली तर वर्षभराच्या शिकवण्या गेल्या," तो म्हणाला. पहिल्या दिवशी तो तिच्यावर चढण्याऐवजी तिला धरूनच जास्त वेळ उभा होता. आणि ज्या क्षणी हात सुटला त्या क्षणी ती आडवी झाली, ती नेमकी मैदानाच्या सिमेंटच्या कडेवर. एका बाजूचे कवच बोटभर तडकले.

त्या तड्यापासून आमचे काम सुरू झाले. गाडीला काय बांधले म्हणजे ती वाचेल? प्रश्न साधा वाटला, पण त्याचे उत्तर शोधताना नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राची निम्मी पाने उलटावी लागली. म्हणूनच तो येथे मांडत आहोत.

गाडी आहे तरी काय?

सर्कशीतली एकचाकी सायकल आपण सर्वांनी पाहिलेली असते. तिच्यात उंच दांड्यावर बसायची जागा असते आणि पायाने पायटे मारावे लागतात. विद्युत एकचाकीत बसायची जागा बहुधा नसते. मध्ये एक जाड चाक, त्याच्या आसातच बसवलेली मोटर, चाकाच्या दोन्ही अंगांना बॅटरीचे गठ्ठे, वर इलेक्ट्रॉनिक पाटी आणि या सर्वांवर प्लॅस्टिकचे कवच. चाकाच्या दोन बाजूंना पाय ठेवायला दोन घडीची पायदाने असतात. त्यांवर उभे राहायचे, पुढे झुकले की गाडी पुढे जाते, मागे झुकले की थांबते. मध्यम आकाराच्या गाडीचे वजन पंधरा किलोच्या आसपास असते.

ही कल्पना फार जुनी नाही. दोन चाके शेजारी-शेजारी असलेली, स्वतःचा तोल सांभाळणारी 'सेगवे' ही गाडी अमेरिकेत डीन केमन यांनी डिसेंबर २००१मध्ये लोकांसमोर आणली. पुढे २०११च्या सुमारास शेन चेन या संशोधकाची 'सोलोव्हील' ही एकचाकी बाजारात आली, आणि आज दिसणाऱ्या बहुतेक विद्युत एकचाकी तिच्याच वळणाच्या आहेत.

ही गाडी तोल कसा सांभाळते ते समजायला यंत्राची गरज नाही. तळहातावर केरसुणीची लांब काठी उभी धरून पाहा. काठी पुढे कलली की हात पुढे सरकवावा लागतो, मागे कलली की मागे. गाडीतले काम हेच आहे. तिच्यातले संवेदक सेकंदातून शेकडो वेळा कल मोजतात आणि स्वार पुढे झुकला की मोटर चाक त्याच्या खाली पुढे नेते. स्वार म्हणजे काठी, चाक म्हणजे तळहात.

मात्र येथे एक गोम आहे, आणि शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती ठाऊक नसते. मोटर फक्त पुढे-मागे चाक फिरवू शकते. डाव्या-उजव्या बाजूचा तोल गाडी मुळीच सांभाळत नाही! तो सायकलसारखाच स्वाराने सांभाळायचा असतो. ज्या बाजूला पडतो आहोत असे वाटते त्या बाजूला किंचित वळायचे, म्हणजे चाक पुन्हा शरीराखाली येते. असे वळायला गाडी पुढे जात असावी लागते. अगदी सावकाश चालणारी सायकल जशी डुगडुगते तशीच ही डुगडुगते, आणि थोडा वेग आला की सरळ होते. शिकणारा भीतीने वेग घेत नाही, म्हणून पडतो. पडल्यामुळे अधिक भितो. गाडीच्या काळजीने भिणारा तर दुप्पट पडतो, कारण तो समोर पाहायचे सोडून खाली गाडीकडेच पाहत असतो.

पडणारे चाक धरता का येत नाही?

आमच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी दहा-बारा वेळा तरी पडणारी गाडी झेलायचा प्रयत्न केला. एकदाही जमले नाही. याचे कारणही काठीच्या प्रयोगातच आहे. केरसुणीची काठी तळहातावर सहज उभी राहते. त्याच हातावर पेन्सिल उभी करून पाहा. अशक्य! उंच वस्तू सावकाश कलते, बुटकी झटकन कलते. कल वाढण्याचा वेळ साधारणपणे उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतो, तर रिकाम्या एकचाकीचा अवघ्या २५ सेंटिमीटरवर. उंची चौपट कमी, म्हणून कलण्याचा वेळ निम्मा. स्वाराला आपला तोल गेला हे कळून पाय टेकायला जेवढी उसंत मिळते, तिच्या निम्मीच गाडी धरायला मिळते. पाहिले, मेंदूला कळले, हात हलला, एवढ्यात सुमारे पाव सेकंद जातो. तोपर्यंत गाडीने जमीन गाठायला सुरुवात केलेली असते.

तेव्हा झेलण्याचा विचार सोडून द्यावा. गाडी पडणार हे धरून चालावे आणि पडण्याचा फटका कमी करावा.

फटका मोजू या

समजा, १५ किलोची गाडी उभी असताना बाजूला आडवी झाली. तिचा गुरुत्वमध्य सुमारे २० सेंटिमीटर खाली आला. स्थितिज ऊर्जा वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची, म्हणजे १५ × ९.८ × ०.२, जवळजवळ ३० ज्यूल. ही ऊर्जा जमिनीला टेकताना कोठेतरी जायला हवी.

आता बळ किती लागेल? कार्य म्हणजे बळ गुणिले अंतर. टणक प्लॅस्टिक सिमेंटवर आदळले तर ते जेमतेम २ मिलिमीटर दबते आणि तेवढ्यातच गाडी थांबते. ३० ज्यूलला ०.००२ मीटरने भागा. उत्तर येते १५,००० न्यूटन. गाडीचे स्वतःचे वजन सुमारे १५० न्यूटन. म्हणजे फटका वजनाच्या शंभरपट! कवच तडकले यात नवल ते काय. आता कवच आणि सिमेंट यांच्यामध्ये असे काही ठेवले की जे १ सेंटिमीटर दबून गाडीला थांबवेल, तर बळ ३,००० न्यूटनवर येते, आणि २ सेंटिमीटर दबणारे असेल तर १,५०० न्यूटनवर. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात मधला एखादा क्षण याहून वाईट असतो. पण हिशेबाचे मर्म तेच राहते. ऊर्जा कमी करता येत नाही, थांबायचे अंतर वाढवता येते. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, कुंभार मडकी गवतावर ठेवतो, त्यामागे हेच आहे. खुद्द गाडीचे हवा भरलेले टायर हेही असेच अंतर वाढवणारे साधन आहे. बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी ते केले आणि १८८८मध्ये त्याचे पेटंट घेतले. मात्र टायर फक्त खालून येणाऱ्या धक्क्याला उपयोगी पडतो. बाजूने पडणाऱ्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही.

हे झाले उभ्या-उभ्या पडण्याचे. गाडी चालत असेल तर गतिज ऊर्जा तिच्यात भर घालते. ताशी ६ किलोमीटर वेगाला ही भर सुमारे २० ज्यूल, ताशी २४ किलोमीटरला सुमारे ३३० ज्यूल. वेग चौपट, ऊर्जा सोळापट. म्हणून पुढे जे चिलखत सांगणार आहोत ते चालत्या माणसाच्या वेगाने पडणाऱ्या गाडीसाठी आहे. वेगात फेकल्या गेलेल्या गाडीला ते वाचवेल असा भ्रम कोणी बाळगू नये.

शाडूची लादी आणि एक किलोचे वजन

बांधायला घ्यायचे काय? आमच्यापैकी प्रत्येकाची सूचना वेगळी होती. जुन्या गादीचा फोम, पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब, योगासनाची चटई, पुठ्ठा, घोंगडी. वाद घालण्यापेक्षा प्रयोग करावा असे ठरले. आपल्या वर्गात तो सहज करता येईल.

गणपतीसाठी आणलेली थोडी शाडूची माती उरली होती. ती मळून दोन बोटे जाडीची सपाट लादी केली. लादीवर तपासायच्या पदार्थाचा तुकडा ठेवायचा आणि ३० सेंटिमीटर उंचीवरून वाण्याकडचे एक किलोचे लोखंडी वजन त्यावर सपाट पडेल असे सोडायचे. पडणारी ऊर्जा सुमारे ३ ज्यूल. मग तुकडा उचलून मातीत किती खळगा पडला ते मोजायचे. खळगा जितका उथळ तितका फटका सौम्य. (वजन सोडताना पायात बूट असू द्यावेत आणि मुलांना हाताने तुकडा धरू देऊ नये.)

गादीच्या फोमवर आमच्यातल्या अनेकांचा भरवसा होता. त्याने साफ निराशा केली. दोन सेंटिमीटर जाड फोमखाली पडलेला खळगा उघड्या मातीतल्या खळग्याहून फारसा वेगळा नव्हता. बोटाने दाबून पाहिल्यावर कारण लक्षात आले. हा फोम इतका मऊ की तो जवळजवळ विरोध न करताच पूर्ण दबतो, आणि मग वजन व माती यांच्यामध्ये उरतो तो नुसता चपटा कागद. दबायचे अंतर दोन सेंटिमीटर मिळाले खरे, पण त्या अंतरात बळच लावले गेले नाही, मग कार्य कसले होणार? पुठ्ठ्याचे उलटे झाले. पहिल्या फटक्याला त्याने चांगले काम केले, दुसऱ्याला तो चेपलेलाच होता.

सगळ्यांत उथळ खळगा पडला तो जुन्या हवाई चपलेच्या तळव्याखाली. प्रयोगात चप्पल कशी आली? मैदानाच्या झाडलोटीचे काम करणारे आमचे मामा हे सगळे पाहत उभे होते. त्यांनी तुटक्या पट्ट्याची एक चप्पल आणून दिली आणि म्हणाले, "ही बी टाकून बघा की." चपलेचा तळवा म्हणजे असंख्य बारीक बंद पोकळ्या असलेले रबर किंवा तत्सम प्लॅस्टिक. माणसाचे सारे वजन एका टाचेवर आले तरी ते पूर्ण चेपत नाही, पण दबते जरूर. आपल्याला हवे होते ते हेच. योगासनाची जाड चटई आणि लहान मुलांच्या खेळण्यासाठी मिळणाऱ्या एकमेकींत अडकवायच्या रंगीत चटया याच जातीच्या. जुन्या चपला फुकट मिळतात एवढाच फरक.

एक प्रयोग आणखी करावा. तेच वजन सपाट न टाकता कडेवर पडेल असे टाका. चपलेखालीही खोल खळगा पडतो. फटका लहानशा जागेत एकवटला की चपलेचा तेवढाच भाग काम करतो आणि तो पुरा पडत नाही. त्यावर जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळहाताएवढा तुकडा ठेवला की खळगा पुन्हा उथळ होतो, कारण टणक तुकडा फटका पसरवतो आणि खालची मऊ वस्तू तो पचवते. मोटारसायकलच्या शिरस्त्राणाची रचना अशीच असते, बाहेर टणक कवच आणि आत थर्माकोलसारखा थर. शिरस्त्राणातला थर एका मोठ्या फटक्याने कायमचा चेपतो, म्हणून ते नंतर बदलावे लागते. चप्पल पुन्हा फुगते.

बाहेरचा थर प्लॅस्टिकचा असण्याचा दुसराही फायदा आहे. पुण्याचे डांबरी रस्ते आणि सिमेंट यांत काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची खडी असते. तिचे टोक रबरात रुतते, गाडी अडखळते आणि कोलांटी घेते. गुळगुळीत प्लॅस्टिक घसरत जाते आणि ऊर्जा घर्षणात, लांबवर, थोडी-थोडी खर्च होते. ट्यूबचे रबर बाहेर लावण्याचा आमचा मूळ बेत यामुळे बदलला. ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांचा उपयोग सगळे आवळून बांधायला केला.

कोठे बांधायचे, कोठे नाही

एकचाकी बाजूला पडताना दोन ठिकाणी टेकते. आधी उघड्या पायदानाची बाहेरची कड, मग कवचाचा वरचा खांदा. पुढे किंवा मागे कलंडली तर कवचाचे नाक किंवा पाठीमागचा दांडा. म्हणून दोन्ही खांद्यांवर चपलांचे दोन-दोन थर व वर बादलीचा तुकडा, पायदानांच्या कडांना चपलेची एकेक पट्टी, नाकावर व पाठीवर एकेक थर, असे चिलखत केले. चिकटवण्यासाठी पंक्चरचे सोल्युशन वापरायचा मोह आवरावा. त्यातील द्रावक काही जातींच्या प्लॅस्टिकला बारीक तडे पाडतात. ट्यूबच्या पट्ट्या आणि चिकटपट्टी पुरते.

काही जागा मात्र मोकळ्याच ठेवाव्या लागतात. मोटरला वीज देणारी इलेक्ट्रॉनिक पाटी चांगलीच तापते. तिची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या किंवा झरोके झाकले तर आपण गाडीला एप्रिल महिन्यात घोंगडी पांघरली असे होईल. ती अधिक तापली तर चालता-चालता मोटर बंद पडू शकते, आणि मोटर बंद पडणे म्हणजे तळहातच काढून घेणे. दिवे, भारित करायचे तोंड आणि चाक व कवच यांमधली फट यांवरही काही येता कामा नये. फटीत लोंबती पट्टी शिरली तर ती चाकाबरोबर गुंडाळली जाते.

पाण्याचेही पाहावे. गादीचा फोम उघड्या पोकळ्यांचा असतो, तो पाणी शोषून धरतो. चप्पल आणि फोम यांचे सारख्या आकाराचे तुकडे बादलीत बुडवून, बाहेर काढून तोलून पाहा. जून ते सप्टेंबरात ओला फोम कवचाच्या तड्यावर दिवसभर टेकलेला असणे म्हणजे आतल्या जोडण्यांना गंज चढवायची सोयच.

खरे दुखणे पोटात

इथवर आम्ही ओरखडे आणि तडे यांविषयीच बोललो. खरे सांगायचे तर ओरखड्यांनी गाडीचे काही बिघडत नाही. चिलखताचे खरे काम दुसरेच आहे. चाकाच्या दोन्ही अंगांना असतात त्या बॅटऱ्या, आणि गाडी पडते तीही अंगावरच.

या बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या असतात. १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे, पेन्सिल-सेलहून थोडे जाड असे घट त्यांत रांगेने बसवलेले असतात. पूर्ण भारित घटाचा दाब ४.२ व्होल्ट, असे १६ घट एकापुढे एक जोडले की ६७.२ व्होल्ट. घटाच्या आत धन व ऋण बाजूंच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये असतो केसाहूनही पातळ प्लॅस्टिकचा पडदा. फटक्याने घट चेपला आणि हा पडदा फाटला तर आतल्या आत लघुपरिपथ होतो. घट तापतो, तापल्याने रासायनिक क्रिया वाढते, तिने तो अधिकच तापतो, आणि शेजारच्या घटालाही पेटवतो. हे कधी लगेच घडते, कधी काही वेळाने, गाडी घरात उभी असताना किंवा भारित होत असताना.

अशा आगींचे कारण दरवेळी फटका हेच नसते. २०१६च्या जुलैमध्ये अमेरिकेत 'हॉवरबोर्ड' नावाच्या दोनचाकी फळ्या पाच लाखांच्या घरात परत मागवाव्या लागल्या, त्या त्यांच्या बॅटऱ्या तापून पेट घेत म्हणून. पुण्यातही मार्च २०२२मध्ये रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका विद्युत स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या वर्षी देशात अशा आणखीही घटना घडल्या आणि विद्युत दुचाकींच्या बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेचे निकष अधिक कडक करण्यात आले. या निकषांत थरथराट, धक्का, आग अशा चाचण्या आहेत. काढता येणारी बॅटरी एक मीटर उंचीवरून टणक फरशीवर वेगवेगळ्या बाजूंनी टाकूनही पाहतात. वेताळ टेकडीवरच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६पासूनच्या संस्थेमुळे वाहनांच्या चाचण्या पुणेकरांना परक्या नाहीत. पण हे निकष नोंदणी होणाऱ्या वाहनांसाठी. वापरलेली म्हणून हातोहात आलेली एकचाकी अशा कसोटीतून गेलीच असेल असे धरता येत नाही.

म्हणून जोराची पडझड झाल्यावर गाडी लगेच भारित करायला लावू नये. तासभर मोकळ्या जागेत ठेवावी. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागते का, कवच फुगले आहे का, गोडसर उग्र वास येतो का, हे पाहावे. यांपैकी काहीही आढळले तर ती घरात नेऊ नये आणि जाणकार दुरुस्तीवाल्याला दाखवावी. गठ्ठा स्वतः उघडायचा नाही, मग विद्यार्थी अभियांत्रिकीचा का असेना. एरवीही रात्री उशाशी किंवा जिन्यात, बाहेर पडायच्या वाटेवर भारित करायला लावू नये. आमच्या विद्यार्थ्याची सवय नेमकी हीच होती. पलंगाखाली लावून झोपायचा. प्लॅस्टिकच्या तड्यावरून ज्याची झोप उडाली होती त्याला तड्याच्या आत काय आहे याचा विचार सुचला नव्हता.

पट्टा बांधावा का?

गाडीच्या मुठीला पट्टा बांधून तो हातात धरावा, म्हणजे ती सुटून जात नाही, असे पुष्कळजण सांगतात. पहिले दोन दिवस पट्टा उपयोगी पडतो, यात शंका नाही. वर पाहिल्याप्रमाणे हात गाडीपर्यंत वेळेत पोचत नाही, पण पट्टा आधीच हातात असतो. तो ताणला गेला की गाडी जमिनीवर आपटण्याऐवजी कलते. स्वार उतरल्यावर काही पावले एकटीच पळत सुटायची तिची खोड असते, तीही थांबते.

तरीही त्याचे दोन धोके आहेत. पट्टा मनगटाला गुंडाळला तर पंधरा किलोची वस्तू हाताला हिसका देते. आणि गाडी सरळ वर उचलली गेली तर चाकाला जमिनीचा विरोध राहत नाही आणि ते गरगर फिरू लागते. म्हणून पट्टा बोटांत नुसता धरावा, गाठ मारू नये, आणि तो एवढाच लांब ठेवावा की सुटला तरी चाकापर्यंत पोचणार नाही. हात पसरून तोल सांभाळायची वेळ आली, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तो काढून टाकावा.

आणि गाडीच्या आधी स्वाराचे. पडताना माणूस तळहात टेकतो आणि शरीराचे वजन मनगटावर येते. मनगटाचे हाड ही कवचाहून महाग वस्तू आहे. शिरस्त्राण, मनगट व गुडघे यांची संरक्षके आणि घोट्यापर्यंतचे बूट याशिवाय पायदानावर पाय ठेवू नये. मैदान निवडताना आमची थोडी फसगत झाली. गवतावर पडणे सुखाचे, म्हणून प्रथम गवतावर गेलो, पण उंचसखल जमिनीवर चाक पुढेच जाईना. शेवटी मातीच्या दाबून सपाट केलेल्या मैदानावर, एका बाजूला कठडा असलेली जागा सापडली. रस्त्यावर मात्र जाऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी कमाल वेगाची बॅटरीवरची गाडी, इतर काही अटी पुऱ्या केल्यास, मोटार वाहन मानली जात नाही. बहुतेक विद्युत एकचाकींची मोटर याहून कितीतरी जोरदार असते.

चिलखत चढवल्यावरची गाडी दिसायला विचित्रच होती. निळ्या पट्ट्यांच्या सहा चपला, लाल बादलीचे तुकडे, काळ्या ट्यूबचे आवळे. मुले हसली. पण त्या संध्याकाळी प्रथमच आमचा विद्यार्थी गाडी पडताना तिला झेलायला वाकला नाही. उतरला, बाजूला झाला, ती पडू दिली, उचलली, पुन्हा चढला. पहिल्या दोन दिवसांत जेमतेम दहा पावले गेलेली गाडी चौथ्या दिवशी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

तीन आठवड्यांनी चिलखत सोडले तेव्हा चपलांवर आणि बादलीच्या तुकड्यांवर कोठे किती घासले आहे ते आम्ही टेबलावर मांडून पाहिले. पाठीवरची चप्पल जवळजवळ कोरी होती. नाकावर थोडे घासले होते. उजव्या खांद्यावर चार-पाच ओरखडे, आणि डाव्या खांद्यावरचा बादलीचा तुकडा मात्र आरपार झिजला होता. असे का व्हावे? मुलांनी बरेच तर्क केले. मग एकीने विचारले, "दादा, तुम्ही नेहमी डावीकडूनच का वळता?" तो मैदानाला फेऱ्या मारायचा त्या सगळ्या डाव्या वळणाच्याच होत्या, हे त्याच्याही ध्यानात आले नव्हते. पाठीची कोरी चप्पल काढून त्याने उजव्या खांद्यावर तिसरा थर म्हणून बांधली आणि उजव्या फेऱ्यांना सुरुवात केली.